आठ मिनिटांची फिल्म आणि अकरा वर्षांचा बांध

मंडळी, आज राजकारण नाही, खड्डे नाहीत, नळाचं पाणीही नाही. आज सिनेमावर लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, विषय आपल्या गावाचाच आहे.

आमच्या अण्णांनी पंच्याहत्तरी ओलांडली. रात्री लवकर झोप येत नाही. पूर्वी पोथी घेऊन बसायचे, आता मोबाईल. अंगठ्याने वर ढकलत राहायचं. कुणी नाचतंय, कुणी पडतंय, कुणी पुढाऱ्याला शिव्या घालतंय. परवा मी विचारलं, "अण्णा, तासाभरात काय काय पाहिलं?"

थोडा विचार करून म्हणाले, "काय की बाबा. आठवत नाही."

मी फोन घेतला आणि त्यांना 'नेबर्स' लावून दिली. १९५२ सालची फिल्म, कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची, दिग्दर्शक नॉर्मन मॅक्लारेन. ऑस्कर मिळालेली. लांबी आठ मिनिटं. एकही संवाद नाही, त्यामुळे भाषेची अडचण नाही. दोन शेजारी आपापल्या घरापुढं खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेत. बरोबर हद्दीवर एक फूल उगवतं. दोघांनाही ते आवडतं. मग ते कुणाचं, यावरून सुरू होतं. आधी कुंपण, मग धक्काबुक्की, मग जीवघेणी मारामारी. ती एकमेकांच्या बायकापोरांपर्यंत जाते. शेवटी उरतात थडगी.

आता आमच्या घरची गोष्ट. गावात बहुतेकांना ठाऊकच आहे, त्यामुळे लपवत नाही. अण्णा आणि माझे धाकटे काका गेली अकरा वर्षं बोलत नाहीत. कारण बांध. यानं कोरला की त्यानं, यावरून दोनदा मोजणी झाली, दिवाणी दावा चालू आहे. वादातली पट्टी हातभर रुंद. वकिलाला आणि हेलपाट्यांना गेलेल्या पैशांचा हिशोब घरात कुणी काढत नाही.

फिल्म संपली. अण्णा गप्प. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाले, "त्यांच्या बांधावर फूल तरी होतं. आपल्या बांधावर काय आहे? हराळी."

आणि हसले. त्या बांधावरून अण्णा हसलेले मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिले. सकाळी उठून ते काकांकडे गेले, असं काही झालं नाही. पुढची तारीख आहेच. पण जे तंटामुक्ती समितीला, पाहुण्यारावळ्यांना आणि मला जमलं नाही, ते एका मुक्या फिल्मनं आठ मिनिटांत थोडंसं तरी हलवलं.

म्हणून हे लिहितोय. आपल्याकडं वेळ नाही, ही थाप आहे. वेळ आहे, तो रील्समध्ये जातो. रील आणि शॉर्ट फिल्म दोन्ही छोट्याच. फरक एवढाच की रील संपली की लगेच दुसरी येते, विचार करायला जागाच ठेवत नाही. शॉर्ट फिल्म संपते, तेव्हा ती खरंच संपते. माणूस फोन खाली ठेवतो आणि शेजारच्याशी बोलतो. निदान आमच्या अण्णांनी तसं केलं.

अडचण एकच. चांगलं सापडत नाही. यूट्यूबवर 'मराठी शॉर्ट फिल्म' असं टाकून बघा. नको नको ती चित्रं आणि नको नको ती नावं समोर येतात. घरात पोरं असतील तर फोन पालथा करावा लागतो. मशीन तुम्हाला काय चांगलं ते दाखवत नाही, काय जास्त दाबलं जातं ते दाखवतं. म्हणून इथं माणसानं माणसाला सांगायला हवं. मी माझ्यापासून सुरुवात करतो.

'एक अनेक और एकता'. १९७४ची, फिल्म्स डिव्हिजनची, विजया मुळे यांची. नावावरून लक्षात आलं नसेल, पण शिकाऱ्याचं जाळं घेऊन उडणारे पक्षी म्हटलं की चाळिशीतल्या प्रत्येकाला दूरदर्शन आठवेल. नातवंडांना मांडीवर घेऊन बघा.

'आय ॲम ट्वेंटी'. १९६७ची, एस. एन. एस. शास्त्री यांची. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी जन्मलेल्या पोरापोरींना विसाव्या वर्षी विचारलंय, तुम्हाला या देशाबद्दल काय वाटतं? त्यांची उत्तरं ऐका आणि मग आपल्या स्टँडवर बसलेल्या, भरतीची वाट बघणाऱ्या पोरांना तोच प्रश्न विचारा.

'ज्यूस'. २०१७ची, नीरज घेवान यांची, शेफाली शाहची. बाहेर पुरुष कूलरसमोर गप्पा मारतायत, आत बायका उकाड्यात स्वयंपाक करतायत. बस, एवढंच. पंधरा मिनिटांची आहे. आपल्या घरातल्या बायकांसोबत बसून बघायची हिंमत असेल, तर जरूर बघा.

'पिस्तुल्या'. नागराज मंजुळे यांची पहिली शॉर्ट फिल्म, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली. पारधी समाजातल्या पोराला शाळेची ओढ लागते, त्याची गोष्ट. 'सैराट' सगळ्यांनी पाहिला, पण त्याच्या कितीतरी आधीची ही फिल्म फार थोड्यांनी पाहिली. आपल्या गावाबाहेरच्या पालांवरची किती पोरं शाळेत जातात, ही बातमी मी स्वतः शेवटची कधी केली, ते ही फिल्म बघितल्यावर मला आठवेना. ही माझी चूक, तुमची नाही.

'गिरणी'. उमेश कुलकर्णी यांची, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना केलेली. घरात पिठाची गिरणी येते आणि एका पोराचं बालपण त्या आवाजात दबून जातं. शेवट सांगत नाही.

आणखी शोधायच्या असतील तर एक साधी युक्ती सांगतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या यादीत कथापटांबरोबर लघुपट-माहितीपटांचा वेगळा विभाग असतो. आपण पेपरवाले तो छापत नाही, हिरो-हिरोईनच्या बातमीवर थांबतो. ती यादी काढा आणि नावं शोधत बसा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या संकेतस्थळावर कितीतरी फिल्म फुकट आहेत. शक्यतो बनवणाऱ्याच्या किंवा संस्थेच्या अधिकृत चॅनेलवरच बघा, म्हणजे ज्यानं घाम गाळला त्याच्या पदरात चार व्ह्यू तरी पडतील. आणि हो, 'नेबर्स'मध्ये हाणामारी बरीच आहे, अगदी लहान पोरांना एकट्यानं बघू देऊ नका.

आता मुद्द्याचं. आपल्या गावची टॉकीज बंद होऊन किती वर्षं झाली, त्या जागी काय उभं राहिलं, ते सगळ्यांना माहीत आहे. एका अंधारात, एका पडद्यासमोर, सगळ्या आळ्यांची माणसं एकत्र बसायची, ती जागाच गेली. आता प्रत्येकजण आपापल्या पाच-सहा इंची पडद्यात. गणपतीत मंडळं डीजेवर लाखाची सुपारी देतात. त्यातल्या एका रात्रीचा डीजे कमी केला, तर पडदा आणि प्रोजेक्टर भाड्यानं आणून पाच रात्री फिल्म दाखवता येतील. मंडळवाल्यांनो, रागावू नका, विचार करा.

तोवर सुरुवात छोटी. वाचनालयाचा हॉल मिळतोय, अध्यक्षांशी बोललो आहे. महिन्यातला एक शनिवार, संध्याकाळी सात वाजता, दोन किंवा तीन शॉर्ट फिल्म आणि नंतर अर्धा तास गप्पा. तिकीट नाही. सार्वजनिक ठिकाणी दाखवायची तर बनवणाऱ्याची परवानगी लागते, ती मागायचं काम माझ्याकडं. ज्यांची परवानगी मिळेल, त्याच दाखवू. आपल्या तालुक्यातली जी पोरं मोबाईलवर फिल्म करतात आणि दोनशे व्ह्यूंवर अडकतात, त्यांचीही एक फिल्म दर वेळी लावू. आवडली नाही तर तोंडावर सांगा, पण बघून सांगा.

प्रोजेक्टर कुणाकडं असेल तर कळवा. चांगली फिल्म पाहिली असेल तर नाव सांगा. खुर्च्या कमी पडतील, घरून आणाव्या लागतील.

अण्णा येणार आहेत. काकांनाही निरोप धाडलाय. दोघांच्या खुर्च्या कुठं टाकायच्या, ते त्या दिवशी बघू.