नकाशातील रंग आणि विहिरीतील पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात काळा बेसाल्ट मागे पडून चुनखडक व गोंडवनी खडक वर येतात. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड आढळल्याचे संशोधन २००७ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले. लिटरमागे दीड मिलिग्रॅमची मर्यादा वर्षानुवर्षे ओलांडली गेली की मुलांचे दात डागाळतात, थोरांची हाडे ताठरतात. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी, त्यात फ्लोराइड विरघळून राहते. म्हणून उथळ विहीर आटल्यावर कर्ज काढून खोल बोअर मारणारा कास्तकार अनेकदा अधिकच वाईट पाणी वर आणतो.

आता निरीक्षण विहिरींच्या नोंदी, उपग्रहचित्रे व खडकांचे नकाशे यांची सांगड घालून संगणक तालुक्याचा रंगीत नकाशा घटकाभरात काढतो. संगणकाला सरसकट विरोध करण्याची चूक प्रस्तुत लेखकानेही एके काळी केली होती. ती पुन्हा करावयाची नाही. परंतु दोन विहिरींमधली मोकळी जागा यंत्र शेजारच्या आकड्यांवरून अंदाजाने भरते, आणि कठीण खडकात पाणी भेगांतून वाहते. बांधाअलीकडची विहीर निर्दोष, पलीकडची बाधित, असे घडू शकते. नकाशावर मात्र दोन्ही हिरव्याच! ही उणीव अधिक वेगवान यंत्राने भरून निघणार नाही. त्यासाठी अधिक विहिरींचे पाणी तपासले पाहिजे, म्हणजेच प्रयोगशाळा, रसायनतज्ज्ञ आणि नमुना नेणाऱ्या माणसाचे गाडीभाडे. अंदाजपत्रकात हा खर्च आधी धरावा, यंत्राचा नंतर. आणि प्रत्येक हातपंपाचा आकडा उन्हाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत मराठीतून, कोलामी पोडांवर कोलामीतून, वाचून दाखवावा.