ट्रॅक्टर व शेतीयंत्रांपासून बालकांच्या रक्षणाविषयी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, भंडारा

महोदय,

पवनी व लाखांदूर तालुक्यांच्या चौरास भागातील आम्ही धान उत्पादक पालक, ज्या ट्रॅक्टरने आमची नांगरणी, चिखलणी व मळणी सुकर केली त्याविषयी कोणतीही तक्रार मनात न ठेवता, त्याच्याभोवती वावरणाऱ्या आमच्या लेकरांच्या जिवासाठी हा अर्ज सादर करीत आहोत.

ट्रॅक्टरला आसन एकच असते. परंतु चाकावरचा चिखल अडविण्यासाठी घातलेल्या पत्र्यालाच आम्ही दुसरे आसन मानले, आणि हौसेने त्यावर मुलांना बसवीत आलो. चिखलणीच्या वेळी लोखंडी केजव्हील लावलेला ट्रॅक्टर धुरा ओलांडताना उसळला की मडगार्डवरचे मूल नेमके मागल्या चाकापुढे पडते. रोटाव्हेटर वा थ्रेशर फिरविणारा पीटीओ शाफ्ट मिनिटास सामान्यतः ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. ओढणीचे टोक त्यात सापडल्यावर हाक मारण्यासही अवसर उरत नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ अन्वये अठरा वर्षांखालील इसमास सार्वजनिक ठिकाणी ट्रॅक्टर चालविण्यास मनाई आहे, आणि कलम १९९-क नुसार अशा कसुराबद्दल पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण बांधीत उतरलेल्या ट्रॅक्टरपर्यंत या कायद्याचा हात पोहोचत नाही. ब्रिटनने १९९८ च्या नियमांनी तेरा वर्षांखालील मुलास शेतकामातील ट्रॅक्टरवर बसविण्यासच बंदी केली. तशा आशयाचे ठराव ग्रामसभांपुढे ठेवण्याची तजवीज व्हावी.

मात्र केवळ मनाईने हे संकट टळेल असे आम्हांस वाटत नाही, कारण रोवणीच्या दिवसांत घरातील सर्व बाया पहाटेच बांधीवर गेल्यावर लहानग्यांना धुऱ्यावर नेण्यावाचून गत्यंतर नसते, आणि हलक्या धानाची मळणी दिवाळीच्या सुटीत तर उन्हाळी धानाची कापणी मे महिन्याच्या सुटीत येत असल्याने शाळकरी मुलेही त्याच वेळी यंत्रांभोवती जमतात. म्हणून या हंगामांत अंगणवाड्या सायंकाळपर्यंत उघड्या ठेवाव्यात, शाळकरी मुलांसाठी गावच्या शाळेची एखादी खोली खुली करावी, आणि सेविका व मदतनीस यांना वाढीव वेळेचा स्वतंत्र मोबदला मंजूर करावा. त्यांच्या माथी फुकटचा भार घालून आमची सोय व्हावी, ही आमची इच्छा नाही.

अनुदानित यंत्रांच्या मोका तपासणीत पीटीओ शाफ्टवरील आच्छादन जागेवर आहे की नाही, याची नोंद कृषी खात्याने सक्तीने घ्यावी. तसेच गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेची वयोमर्यादा १० ते ७५ वर्षे असल्याने नऊ वर्षांचे मूल चाकाखाली गेले तर त्या कुटुंबाचा दावाच दाखल होत नाही. ही खालची अट काढून टाकण्याची शिफारस आपण शासनाकडे करावी.

अंगणवाड्यांविषयीचा हुकूम मृगापूर्वी निघाल्यास यंदाच्या रोवणीस त्याचा उपयोग होईल.

आपले विनम्र,
चौरास भागातील धान उत्पादक व पालक