टायर किती चालला?

"अजून पाच हजार आरामात जातील."

गाडीच्या टायरचा विषय निघाला की बाबांचं हे वाक्य ठरलेलं. गाडी २०१८ ची स्विफ्ट. बाबांनी रिटायर व्हायच्या आधी हौसेने घेतलेली, आता बहुतेक वेळा मीच चालवतो. मीटरवर ४६ हजार. बाबांच्या हिशेबात टायर पन्नास हजार जातो म्हणजे जातोच, त्याआधी बदलणं म्हणजे अर्धी ट्यूब शिल्लक असताना टूथपेस्ट फेकण्यासारखं. मलाही ते पटत होतं. खोटं कशाला बोलू, वीसेक हजार रुपये वाचत असतील तर मला काहीही पटतं.

जुलै २०२५ मधल्या एका रविवारी आईला घेऊन साताऱ्याहून परत येत होतो. संध्याकाळची वेळ, पाऊस धो धो नाही पण सलग. खेड शिवापूरच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या बाजूला पाणी साचलं होतं. वेग ऐंशीच्या आसपास. पाण्यात शिरलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. व्हिडिओ गेममधलं प्लॅस्टिकचं चाक असतं ना, तसं. फिरवलं तरी काही होत नव्हतं. फार तर दोन सेकंद. मी ब्रेक मारला नाही. ते काही माझं कौशल्य नव्हतं, मी गोठलो होतो. मग चाकं परत जमिनीला लागली, गाडीला एक झटका बसला आणि सगळं पूर्ववत.

मागच्या सीटवरून आईने विचारलं, "काय झालं रे?"

म्हटलं, "काही नाही, खड्डा होता."

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च लावून उकिडवा बसलो. टायरच्या नक्षीतल्या खाचांमध्ये तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, बघितलेत कधी? नक्षी झिजून त्या उंचवट्यांना टेकली की १.६ मिलीमीटर उरली असं समजायचं, आणि आपल्याकडे कारसाठी कायद्याची किमान मर्यादा तीच आहे. माझ्या पुढच्या टायरला अजून थोडी जागा होती, दोन मिलीमीटर असेल. म्हणजे मी कायद्याने पास! नव्या टायरला ही खोली साधारण आठ असते. पुढच्या एका चाकात हवाही २४ च निघाली, हवी होती ३०.

आता जरा इंजिनिअरगिरी, सहन करा. नक्षी पकडीसाठी असते असा आपला समज असतो. कोरड्या डांबरावर तसं नाहीये. फॉर्म्युला वनच्या गाड्या कोरड्या ट्रॅकवर पूर्ण गुळगुळीत टायरवर धावतात, कारण तिथे जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड जास्त. डांबरी रस्त्यावर नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर फेकणं. खाचा म्हणजे गटारं. गटार उथळ झालं की पाणी टायरखालीच राहतं आणि गाडी त्यावर तरंगते. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून याचं एक सोपं सूत्र काढलं होतं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, १०.३५ ने गुणा, जो आकडा येईल तितक्या ताशी मैलांना टायर पाण्यावर तरंगायला लागतो. दाब पीएसआयमध्ये. कारला ते तंतोतंत लागू पडत नाही, आणि खाचांना उपसता येणार नाही इतकं पाणी साचलेलं असेल तेव्हाचंच ते गणित आहे. पण करून बघा. ३० ला उत्तर येतं ताशी ९१ किलोमीटर. २४ ला येतं ८२.

मी ऐंशीला होतो. हे गणित मी ऑफिसात, एका कॉलवर म्यूटमध्ये असताना केलं आणि पुढचा अर्धा कॉल मला काहीही ऐकू आला नाही.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की "टायर किती चालला" हा आपला आवडता प्रश्न उन्हाळ्याचा प्रश्न आहे. चार चाकं मिळून रस्त्याला टेकतात ती जागा जेमतेम चार तळहातांएवढी. पावसाळ्याचा प्रश्न वेगळा आहे: या तळहातांखालचं पाणी बाहेर जातंय का? त्याचं उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर आरटीओने गोटा झालेल्या टायरच्या गाड्या एंट्रीलाच परत पाठवायला सुरुवात केली. चांगलंच केलं. पण तिथे धाक टायर फुटण्याचा होता. दोन मिलीमीटरवाला माझ्यासारखा सज्जन तिथूनही सलाम ठोकून पुढे गेला असता.

बाबांच्या पन्नास हजारात आणखी एक गोची आहे. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर १४१८ होतं, म्हणजे २०१८ चा चौदावा आठवडा. सात वर्षं झाली की! बाजूला केसाएवढ्या भेगाही दिसायला लागल्या होत्या. बरेच टायरवाले दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात, काही कार कंपन्या सहाच वर्षं म्हणतात. जे लोक वर्क फ्रॉम होममुळे वर्षाला चार हजार किलोमीटर चालवतात त्यांनी तर मीटर विसरून हे आकडेच वाचावेत.

पैशाचं म्हणाल तर मी चार टायरला बॅलन्सिंग-अलाइनमेंटसकट २२ हजार मोजले. ४८ हजार किलोमीटर वापरले तर किलोमीटरला ४६ पैसे. पेट्रोल किलोमीटरला सात रुपयांच्या घरात जातं. आता मी १.६ ची वाट न बघता तीन मिलीमीटरलाच टायर बदलले, तर हे ४६ पैसे ५९ होतात. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरा, तेराशे रुपये जास्त. मल्टिप्लेक्सला दोघं जाऊन पॉपकॉर्न घेतलं की संपले. आपण टचस्क्रीनवाल्या व्हेरिएंटसाठी लाखभर जास्त देतो आणि टायरच्या बाबतीत शेवटचा मिलीमीटर वसूल करायला बसतो. ऑफिसमध्ये याला टेक्निकल डेट म्हणतात आणि त्यावर मी तावातावाने बोलतो.

(जाता जाता एक दुःख. मी टायर घेतले ऑगस्टमध्ये, जीएसटी २८ टक्के. २२ सप्टेंबरपासून तो १८ झाला. असो.)

दुकानाची गंमत वेगळीच. मी जाताना ठरवून गेलो होतो, साइज कंपनीचीच, १८५/६५ आर १५. दुकानदार म्हणाला, "साहेब, १९५ टाका, गाडी रस्त्यावर बसते." कागदावर दाखवलं त्यांना: १९५/६५ चं चाक व्यासाने दोन टक्के मोठं, म्हणजे काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी १०२ ने जाणार. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो ते निराळंच. ते म्हणाले, "तुम्ही आयटीवाले का?" पहिला सेट त्यांनी आणला तो दोन वर्षं जुना निघाला. तारीख वाचून दाखवल्यावर न कुरकुरता आतून ताजा काढला. म्हणजे होता त्यांच्याकडे. विचारलं नसतं तर जुना बसला असता, एवढंच. मग "पुढचेच जास्त झिजलेत, दोनच बदला आणि पुढे टाका" असंही झालं. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे टाकावेत, हे खूप जणांना उलटं वाटतं. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, पाय काढला की सावरायची संधी असते. मागची घसरली की गाडी गिरकी घेते आणि ती आपल्यासारख्यांना सावरता येत नाही. मी चारही बदलले. नायट्रोजनला नाही म्हटलं, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. स्टेपनी अजून १४१८ चीच आहे, तिच्याबद्दल कृपया विचारू नका.

बिल करताना दुकानदार म्हणाले, "जुन्या चारचे सोळाशे धरतो."

मी हो म्हणणारच होतो. सहज विचारलं, यांचं काय करता? "जातात साहेब. टुरिस्टवाले घेतात, टेम्पोवाले घेतात. अजून पाच हजार आरामात जातील."

तेच वाक्य! माझ्या आईला ज्या टायरवर बसवायचं नाही असं मी ठरवलं, ते सोळाशे रुपयांत दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीला लागणार होते, आणि त्यातही मागच्या सीटवर कुणीतरी असणारच होतं. आपल्याकडे नवा टायर विकण्याचे नियम आहेत. २०२३ पासून तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीचीही अट आहे. पण दुकानाच्या मागच्या दाराने जुना टायर कुठे जातो ते कुणी बघत नाही. एक्स्चेंज म्हणजे आपण आपली जोखीम आपल्यापेक्षा कमी पैसे असणाऱ्या माणसाला विकतो. माझं हे मत कुणाला अतिरेकी वाटेल, वाटू दे. घेणाऱ्याला नवे परवडत नाहीत हेही मला कळतं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण एवढं सगळं समजल्यावर ते चार टायर मीच विकणं मला जमेना.

मी म्हटलं, सोळाशे नकोत, पण चारही टायर माझ्यासमोर कापा. दुकानदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की नायट्रोजन नाकारला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग पोऱ्याला हाक मारली. त्याने मोठी सुरी आणली आणि प्रत्येकाच्या भिंतीत हातभर चीर पाडली. रबर कडक झालेलं, त्याला जोर लावावा लागत होता.

घरी आल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "जुन्याचे किती आले?"

म्हटलं, "विशेष नाही."