पाया पडताना

दर महिन्याला या सदरात मी मोबाइल, पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक असलं काही सांगत असतो. या वेळी विषय घरचा आहे.

दसऱ्याला सोनं देऊन बाबांच्या पाया पडलो, तेव्हा हाताला पाऊल फुगलेलं लागलं. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्याच्या वर चांगलाच रुतला होता.

"बाबा, पाय सुजलेत तुमचे!"

"वय झालं रे. दिवसभर पाय खाली सोडून बसतो, म्हणून येते संध्याकाळी. रात्री झोपलो की उतरते."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि हल्ली दोन उशांशिवाय झोप लागत नाही, ते सांगा की!"

मी चपापलो. बाबांच्या मनगटावर मीच दिलेलं स्मार्ट घड्याळ आहे. त्यांची नाडी मला रोज मोबाइलवर दिसते. ८०, ८४, ८२. आकडे ठीक म्हणजे बाबा ठीक, असं मी धरून चाललो होतो. कमाटीबागेतली फेरी निम्म्यावर आल्याचंही त्याच मोबाइलवर दिसत होतं. पावसाळा आहे, कंटाळा करत असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या डॉक्टरकाकांकडे गेलो. त्यांनी अर्धा तास कुठलंही मोठं यंत्र न वापरता बाबांना तपासलं. मी पहिल्यांदाच नीट बघत होतो.

आधी हात हातात घेतला. नख दाबून सोडलं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. साधारण दोन सेकंदांत यायला हवा. मग तीन बोटं मनगटावर ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. "पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर नाही चालणार?" मी विचारलं. ते म्हणाले, "गती कळेल. पण ताल अधूनमधून चुकत असेल तर तो हुकेल." अनियमित नाडीत हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते, म्हणून ताल महत्त्वाचा.

मग बाबांना पाठीशी उंच टेकू देऊन, साधारण ४५ अंशांत झोपवलं आणि मान थोडी डावीकडे वळवायला सांगितली. मानेतली शीर थेट हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे उतरते. गच्चीवरच्या टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावली की आतली पातळी दिसते, तसंच हे. बाबांच्या मानेत ती पातळी कानाच्या पाळीच्या दिशेने बरीच वर दिसत होती.

मग छातीवर तळहात. हृदयाचा ठोका डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत लागतो. बाबांचा थोडा बाहेर आणि खाली लागला. म्हणजे हृदय मोठं झालेलं असू शकतं. त्यानंतर स्टेथोस्कोप आला. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरला एका तरुणीच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्याने कागदाची सुरळी केली. तिचाच हा वारस. काकांनी छाती ऐकली, मग पाठीवर खालच्या बाजूला बराच वेळ ऐकलं.

शेवटी पाय. नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून उचलला. खळगा पडला, तो तसाच राहिला. दोन्ही पायांवर. पावलांवरची नाडीही पाहिली. मग गळा, काख आणि जांघेतल्या गाठी चाचपल्या.

"गाठी कशाला?" मी विचारलं.

"शरीरात रक्ताखेरीज लसीकाही वाहते. तिला हृदयासारखा पंप नाही, ती लसीकावाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनाने आणि स्नायूंच्या हालचालीने पुढे सरकते. तिची वाट अडली तरी सूज येते. हत्तीरोगात किंवा कर्करोगासाठी काखेतल्या गाठी काढल्यावर येते तशी. ती जुनी झाली की कातडी जाड होते, अंगठ्याशेजारच्या बोटावरची कातडी चिमटीत येत नाही. बाबांची येतेय. आणि एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखली, तर मात्र शिरेत गुठळी असू शकते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा."

मग बाबांकडे वळून म्हणाले, "सूज रात्री उतरते म्हणता ना? ते पाणी जातं कुठे? झोपल्यावर परत रक्तात येतं. दमलेल्या हृदयाला तेवढं झेपत नाही, फुफ्फुसांत साचतं. म्हणून दोन उशा."

ज्या वाक्यावर आम्ही सगळे निश्चिंत होतो, त्याचाच हा अर्थ होता.

पुढे ईसीजी, रक्ततपासणी आणि इको झाला. हृदयाची डावी बाजू एका ठोक्याला साधारण ५५ टक्के किंवा जास्त रक्त बाहेर टाकते, बाबांची ३५ टक्के टाकत होती. औषधं सुरू झाली, मीठ कमी झालं. आता रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर काकांना फोन. हे आकडे आई वहीत लिहिते, मोबाइलवर नाही.

घड्याळाने खोटं सांगितलं नव्हतं. त्याला नाडीच विचारली होती, तेवढीच त्याने सांगितली. पायाला हात लावायचं काम माझं होतं आणि वर्षात सणावाराला जेमतेम दोन-तीनदा मी ते करत होतो.

प्रत्येक सूज हृदयाचीच नसते. मूत्रपिंड, यकृत, रक्तदाबाच्या काही गोळ्या, अशी कारणं बरीच आहेत, आणि ती ठरवणं डॉक्टरांचं काम. पण खळगा पडतो का, एक पाय की दोन्ही, उशा वाढल्या का, चालणं कमी झालं का, हे घरच्यांनाच आधी दिसतं.

हल्ली मी संध्याकाळी ऑफिसचं काम आटोपलं की बाबांच्या नडगीवर अंगठा दाबून बघतो. ते आईला म्हणतात, "चिरंजीव रोज पाया पडतात हल्ली, काहीतरी मागायचं असणार." मागायचं आहेच. खळगा नको, एवढंच.