बिनवेतन कामाची जबाबदारी

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश आजही स्वयंसेवकांच्या बिनवेतन लेखनावर उभा आहे. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्ती करावी आणि प्रत्येक बदलाची नोंद राहावी, अशी तेथील रीत. ही मोकळीक मोलाची खरी, पण जोखमीचीही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातील मृतांचा आकडा लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आधाराविना लिहिला, तर उद्या तो नांदेडच्या वर्गातील वहीत उतरू शकतो.

असा मजकूर अनुभवी संपादकाने काढून टाकणे योग्यच होय. परंतु कारण न सांगता तो पुसला, तर नवखा लेखक बहुधा पुन्हा फिरकत नाही. कोणता आधार हवा होता, हे दोन ओळींत कळवले, तर तोच पुढे दुसऱ्याची चूक सुधारू लागतो. नुसत्या लाल रेघेने विद्यार्थी शिकत नाही, हे शिक्षकांना सांगावयास नको.

फुकट राबावे आणि वर शिकवावेही का, हा अनुभवी मंडळींचा सवाल गैरवाजवी नाही. मात्र जेथे वेतन नाही, तेथे माणसाला धरून ठेवते ते आपलेपणच. शिवाय हा भार एकट्या त्यांचा नव्हे. ग्रंथालयात संदर्भ शोधून तो नेमका नोंदवण्याची सवय नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना आधीच लावावी. मग जुन्यांना केवळ पहारा करीत बसावे लागणार नाही, आणि त्यांच्या कामाला वारसही मिळतील.