एकाच गुणवत्तेला दोन भाव

पाचवीतल्या मुलाने राज्य परीक्षा मंडळाची परीक्षा दिली आणि गुणवत्ता यादीत नाव आले, की गुजरात सरकार त्याला सहावीपासून बारावीपर्यंत दरवर्षी शिष्यवृत्ती देते. 2023मधील ‘मुख्यमंत्री ज्ञानसेतू मेरिट स्कॉलरशिप’ योजनेचा हेतू चांगलाच आहे. पहिली ते पाचवी सरकारी किंवा अनुदानित शाळेत शिकलेल्यांसाठीच ती असल्याने पैसा गरजूंच्या घरी जातो. खोट आहे ती दरपत्रकात. त्या मुलाने खासगी स्वनिर्भर शाळा धरली, तर नववी-दहावीला वर्षाला 22,000 आणि अकरावी-बारावीला 25,000 रुपये मिळतात. सरकारी वा अनुदानित शाळेत राहिला, तर 6,000 आणि 7,000. चार वर्षांचे एकीकडे 94,000, दुसरीकडे 26,000. मूल तेच, गुण तेच. 68,000 रुपयांचा फरक शाळेच्या प्रकाराने पडतो.

सुरतेतल्या मराठी वस्त्यांना हा फरक अधिक जाचतो. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे लूमवर, डाइंग मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटात राबतात. त्यांच्या मुलांसाठी महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी शाळा चालवते. गुजराती, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळाही तिच्याच आहेत. या शहराने अभिमान बाळगावा असे हे काम आहे. पण 2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीनंतर उरत नाही. पुढे आधार पालिकेच्या सुमन हायस्कूलचा आणि अनुदानित शाळांचा. जूनमध्ये प्रवेशाचा फॉर्म भरताना बाप फी, गणवेश, व्हॅनचे भाडे यांची बेरीज मांडतो आणि मोठी रक्कम मिळेल तिकडे वळतो. त्याचे काहीच चुकत नाही. मात्र अनुदानित शाळेच्या मराठी वर्गातला पट त्यामुळे घटतो, आणि पट किमान मर्यादेखाली गेला की तुकडीच धोक्यात येते. गुजराती माध्यमाच्या मोठ्या शाळेची एखादी तुकडी बंद झाली, तरी मुले शेजारच्या तुकडीत सामावतात. मराठीची नववीची एकच तुकडी असेल आणि ती तुटली, तर माध्यमच संपते. शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि मागे राहिलेल्या मुलांना भूमिती कोणी शिकवायची हा प्रश्न उरतो.

यावर सरकारी बाजूचे उत्तर ठरलेले आहे: अनुदानित शाळेतील शिक्षकांचा पगार सरकारच भरते, फीही नाममात्र असते, मग विद्यार्थ्याला पुन्हा तेवढीच रक्कम का द्यावी? हा मुद्दा वजनदार आहे. पगार धरले तर अनुदानित शाळेत दर मुलामागे सरकारचा खर्च कमी नाही, उलट जास्तही भरेल. पण हे गणित सर्व पदे भरलेली आहेत असे गृहीत धरते. रिक्त पदांवर ‘ज्ञानसहायक’ नेमण्याची योजना सरकारनेच आणली. माध्यमिकला 24,000 रुपये मानधन आणि करार 11 महिन्यांचा. जिथे कायम शिक्षकाचा पगार वाचवला जातो, तिथे ‘पगार आम्हीच देतो’ हे उत्तर अर्धेच खरे ठरते. पालकाला निवडीचा हक्क आहे, हे दुसरे उत्तर. हक्क आहेच, आणि गरीब बापाला तो मिळतो आहे याचा आनंदच आहे. फक्त निवडीच्या एका पारड्यात सरकारने आधीच वजन टाकलेले असू नये.

समान रक्कम देणे अशक्य नाही, हे याच सरकारने दाखवले आहे. 2024च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या ‘नमो लक्ष्मी’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलीला चार वर्षांत 50,000 रुपये मिळतात, शाळा सरकारी असो, अनुदानित असो की खासगी. खासगी शाळेतील मुलीसाठी उत्पन्नाची अट आहे, रकमेत फरक नाही. तेच तत्त्व ज्ञानसेतूला लावावे. अनुदानित शाळेत फी नाममात्र असल्याने सगळी रक्कम मुलाच्या खात्यात नको असेल, तर 6,000 त्याला द्यावेत आणि उरलेले 16,000 त्याच्या शाळेला, प्रयोगशाळा व जादा तासांसाठी. असे दहा विद्यार्थी टिकवणाऱ्या शाळेच्या हाती वर्षाला 1,60,000 रुपये येतील. जोडीला मराठी, ओडिया, उर्दू, तेलुगू माध्यमांच्या एकमेव तुकडीला किमान पटाच्या नियमातून सूट हवी. अल्पभाषक वर्गाचा खर्च दर मुलामागे जास्तच येणार. पहिलीपासून त्याच भाषेत शिकवल्यावर नववीत तो टाळता येत नाही. येत्या जूनच्या प्रवेशांपूर्वी शिक्षण विभागाने हे दोन्ही आदेश काढावेत, आणि त्यासाठी लिंबायत-उधन्याच्या लोकप्रतिनिधींनी गांधीनगरला पाठपुरावा करावा.