मढ्याची जागा म्हणे!

"मढ्याची जागा ती. तिथं कशाला जायचं? आल्यावर डोक्यावरून पाणी घ्यावं लागेल." कोप्पळच्या यात्रेत आमच्या मंडळातल्या थोरल्या अक्कांनी बसमध्येच जाहीर केलं आणि हिरेबेणकलचा डोंगर राहिला. ड्रायव्हरला बरंच झालं.

अक्का, मान ठेवूनच विचारते. त्याच सकाळी पालकीगुंडूच्या खडकावर आपण कुणापुढं हात जोडले? 'वरांगचरित' लिहिणाऱ्या जटासिंहनंदी आचार्यांच्या चरणांपुढं. गेलेल्या माणसाची खूणच ना ती? सल्लेखना घेतलेल्यांच्या निषिधी कर्नाटकभर आहेत, त्यांत बायकाही आहेत. ते तीर्थ, आणि गंगावतीजवळची ती दगडी घरं तेवढी विटाळ?

मी नंतर भावाला घेऊन गेले. चढ दमवतो. वर शेकडो शिलाघरं, लोखंडयुगातली, दोन हजारांहून जास्त वर्षांची. तीन-चार फरश्या उभ्या, वर एक आडवी. काही माणसाहून उंच. समोरच्या फरशीला गोल भोक. गाव म्हणतं, बुटक्या मोरियांची घरं. जिथून दगड काढला त्या खाणीचंच तळं झालंय. एका धोंडीवर अर्धगोल दगडी नगारा आहे, ठोकला की आवाज लांब जातो. आपल्या माणसासाठी एवढी फरशी चढवणाऱ्यांना नुसतं 'मढं' म्हणायला माझी जीभ वळेना.

पण कितीतरी घरं पाडलेली, आतली माती उकरलेली. गुप्तधन हवं होतं! तिथं खापरं नि हाडं. टेलर साहेबानं 1835 साली या जागेबद्दल लिहिलं, आज केंद्राचं संरक्षण आहे. नासधूस केली तर दोन वर्षं कैद किंवा लाखभर दंड, नाहीतर दोन्ही. 2021 साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर याही डोंगराचं नाव लागलं. किल्ल्यांचा जल्लोष आपण केला, शेजारचं नाव कुणी वाचलंच नाही.

विटाळ मानून चांगली माणसं लांब राहतात, मग पहार घेतलेल्याला रान मोकळं. त्याला कुठला विटाळ! आणि आपण तरी काय? आमच्या गावच्या बस्तीत संगमरवर बसवताना एक निषिधी पालथी घालून पायरी केली. त्यावर मी कैक वर्षं पाय देऊन आत गेले, कळल्यावरही गप्प बसले.

पुढच्या यात्रेची यादी निघेल तेव्हा कोप्पळखाली हिरेबेणकल लिहा, अक्का. डोक्यावरून पाणी घ्यायचं तर घेऊ, गिझर आहेच.